हेरल्डची सुटलेली नळी

प्रा. मृत्युंजय हत्तुरे यांच्याकडे एकोणीसशे एकोणसत्तर सालची स्टँडर्ड हेरल्ड गाडी होती आणि तिच्याविषयी बोलण्याची सवय होती. गाडी वडिलांकडून आलेली. सवय स्वकष्टार्जित.

हेरल्डचं बॉनेट इतर गाड्यांसारखं उघडत नाही. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढं झुकतं आणि इंजिन, पुढची चाकं, सगळा संसार उघड्यावर येतो. "ज्याला काही लपवायचंय त्यानं ही गाडी घेऊ नये," असं सरांचे वडील अण्णा म्हणायचे. अण्णा तुरीच्या डाळीचे व्यापारी होते, त्यामुळे हे ते कोणत्या अनुभवावरून म्हणत ते कळायला मार्ग नाही.

खंडेनवमीला पेठेतले बाकीचे लोक बॉनेटवर हार टाकून, काचेला गंध लावून मोकळे होत. अण्णांना ते पटत नसे. "राबतं कोण? इंजिन. आणि हार कुणाला? पत्र्याला. म्हणजे आपल्या दुकानासारखंच झालं की," ते म्हणत, आणि दुकानातले हमाल मान डोलावत. म्हणून हत्तुऱ्यांच्या घरी गाडीचं तोंड उघडून थेट इंजिनाची पूजा होई. टॅपेट कव्हरवर विभूतीचे तीन पट्टे, बॅटरीवर सुपारी आणि इंजिनाच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत झेंडूची माळ. दसऱ्याला दुपारी माळ उतरवायची, मगच गाडी सुरू करायची. नाहीतर फुलं पंख्यात जातात. अण्णांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. माळ चालू होती.

यंदाही सरांनी ती स्वतःच्या हातानं बांधली. पत्नी दाक्षायणी यांनी फोटो काढला. सरांनी तो 'सोलापूर जुन्या गाड्या प्रतिष्ठान' या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'यंत्रातही शिव.' त्याला त्रेचाळीस जोडलेले हात आले.

या ग्रुपचे त्रेसष्ट सभासद होते आणि सर त्याचे अॅडमिन. ग्रुपचा चौथा नियम असा होता की सभासदत्व फक्त गाडीमालकांना, मेकॅनिकांना नाही. मेकॅनिक असले की तांत्रिक चर्चा मोकळेपणानं करता येत नाही, असा सर्वांचा अनुभव होता.

दसऱ्याला संध्याकाळी सर आणि दाक्षायणी हेरल्ड घेऊन सोनं वाटायला निघाले. गाडी गल्लीतून नीट निघाली. मोठ्या रस्त्याला लागून सरांनी जरा पाय दाबला, तशी ती उचकी देऊ लागली. पाय सोडला की शहाण्यासारखी, दाबला की उचकी. पार्क चौकात, सिग्नल हिरवा झाल्यावर, सरांनी जो पाय दाबला त्याला तिनं शेवटची उचकी दिली आणि बंद पडली. मागे दसऱ्याची सगळी वाहतूक हॉर्न वाजवत उभी राहिली. एका भेळवाल्यानं आणि एका पोलिसानं मिळून गाडी कडेला ढकलली. नेमके त्याच वेळी कॉलेजचे उपप्राचार्य सहकुटुंब स्कूटरवरून गेले, आणि जाताना त्यांनी हात केला. सरांना तो हात पुढं कित्येक दिवस दिसत होता.

सरांनी बॉनेट उघडलं. आत पेन्सिलीहून बारीक अशी एक नळी होती. तिचं एक टोक डिस्ट्रिब्युटरला नीट जोडलेलं होतं. दुसरं टोक मोकळं, हवेत. सरांनी ते बोटानं हलवून पाहिलं. नळी हलली. यापलीकडे त्यांना काही कळलं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सर सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होते. त्यात निर्वाताचा एक सबंध धडा होता आणि तो सरांचा आवडता होता, कारण त्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्या नळीतून तोच निर्वात जातो हे त्यांना माहीत नव्हतं. धड्यात नळी नव्हती.

माहीत नसलेली गोष्ट विचारायची असेल तर ती कोड्याच्या रूपात विचारावी, म्हणजे आपल्याला माहीत आहे असं वाटतं. ही शिक्षकी पेशातली जुनी युक्ती. कशीबशी घरी पोचलेली गाडी दारात लावून, चहा घेता घेता सरांनी नळीचा फोटो काढला, मोकळ्या टोकाभोवती लाल गोल केला आणि ग्रुपवर टाकला: 'ओळखा पाहू: ही कोणती लाइन?'

सभासद तुटून पडले. अॅडव्होकेट विरेश बिराजदार, यांच्याकडे अॅम्बेसेडर होती, त्यांनी 'पेट्रोलची लाइन, काडी ओढू नका' असा सल्ला दिला. दातांचे डॉक्टर नंदीश यांना ती सांडपाण्याची वाटली. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीलाही तशीच असते. आणखी दोघांनी हॉर्न म्हटलं. एकानं दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. सगळ्यांना दहा मिनिटं झुंजू दिल्यावर सरांनी निकाल दिला: 'ही ब्रीदरची नळी. इंजिनाचा श्वास. फारशी महत्त्वाची नाही.'

त्यावर माळशिरसहून बिरुदेव यांचा आवाज आला. बिरुदेव ऊसवाले शेतकरी, जुनी विलीज जीप होती म्हणून ग्रुपवर. ते लिहीत नसत, बोलत.

"सर, ती व्हॅक्यूमची नळी हाय. कार्बोरेटरनं हवा वढली की ही नळी डिस्ट्रिब्युटरला सांगती, बाबा, ठिणगी जरा आगूदर टाक. नळी सुटली की ठिणगी पडती उशिरा, आन् गाडी देती उचक्या. माज्या जीपला झालं हुतं की. तिच्या टोकाचं रबर बगा बरं, हाय का जाग्यावर?"

रबर नव्हतं. सर बाहेर जाऊन बघून आले. नळीचं टोक ज्या तोटीवर बसायचं ती कार्ब्युरेटरवरची तोटीही उघडी होती आणि दोघांना जोडणारं रबर कुठंच नव्हतं. सर आत आले आणि थोडा वेळ फोनकडे बघत बसले. सरांना सोडून ग्रुपवर बासष्ट माणसं होती, आणि ऊस लावणाऱ्या एका गृहस्थानं पाऊण मिनिटात जे सांगितलं ते सरांना सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं. हे त्यांच्याखेरीज आणखी कुणाच्या लक्षात आलं असेल का, याचा ते विचार करत होते. आलं असेल तर ते लक्ष दुसरीकडे वळवणं आवश्यक होतं.

त्यांनी लिहिलं: 'बिरुदेवजी, अगदी बरोबर. मीही तेच सुचवीत होतो. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. ही नळी सुटलीच कशी? गाडी गेल्याच आठवड्यात पीरसाब नदाफ यांच्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग होऊन आली. त्यानंतर बॉनेट कोणीही उघडलेले नाही. रबर तर गायबच. पीरसाब यांचे वय झाले आहे, नजर पूर्वीची राहिलेली नाही. सभासदांनी आपापल्या गाड्यांबाबत सावध राहावे.'

बॉनेट कोणीही उघडलेलं नाही, हे वाक्य सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आदल्याच दिवशी त्यांनीच ते उघडलं होतं आणि त्याचा फोटो त्याच ग्रुपवर थोडा वर होता. पण ते बॉनेट उघडणं नव्हतं. ती पूजा होती. त्रेचाळीस जोडलेल्या हातांपैकी कुणालाही ते बॉनेट उघडणं वाटलं नव्हतं.

पीरसाब दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या जुन्या लुनावरून आले. वय अडुसष्ट, विजापूर वेशीच्या अलीकडे घराच्या पुढच्या अंगणातच गॅरेज. हेरल्ड एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती, म्हणजे सरांपेक्षा जास्त. अण्णांच्या वेळेपासून त्यांना कुणी बोलवावं लागत नसे, गाडीला काही झालं की त्यांना कळे. यावेळी विरेश वकिलांच्या ड्रायव्हरनं कळवलं होतं. त्यानं ग्रुपवरचं सगळं वाचून दाखवलं होतं, आडनावासकट.

त्यांनी बॉनेट उघडलं, नळीचं टोक दोन बोटांत धरलं.

"रबर कुटं गेलं, सर?"

"तेच तर तुम्हाला विचारायचं होतं."

"मी बसवलं हुतं. नवं रबर. जुनं तडकलं हुतं म्हणून फेकलं, नवं कापलं, ह्या हातानं बसवलं."

"नक्की आठवतंय?"

पीरसाबनी नळीकडे बघितलं, मग हाताकडे, मग परत नळीकडे.

"आठवतंय की."

"नाही, म्हणजे असं बघा पीरसाब," सर म्हणाले. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की ते याच आवाजात बोलत. "तुम्ही दिवसाला चार गाड्या बघता. दुसऱ्या गाडीला बसवलं असेल. मनाला वाटतं बसवलं. माणसाचं मन असंच करतं, वयानुसार. यात तुमचा दोष नाही."

पीरसाबनी नळीचं टोक सोडलं. त्यांच्या लुनाच्या हँडलला अडकवलेली हत्यारांची पिशवी वाऱ्यानं हलत होती.

"तुमी म्हणता तर विसरलो आसंल, सर," ते म्हणाले. "तुमी शिकलेले."

त्यांनी पिशवीतून रबराचा तुकडा काढला, कापला, बसवला. गाडी सुरू केली, पाय दाबायला सांगितला. उचकी नव्हती. जाताना ते चहाला थांबले नाहीत. एकतीस वर्षांत चहा न घेता ते पहिल्यांदाच गेले, हे दाक्षायणींच्या लक्षात आलं. सरांच्या लक्षात आलं नाही, कारण ते ग्रुपवर लिहीत होते: 'मेकॅनिकने चूक मान्य केली आहे. विषय संपला.'

विषय तिथून सुरू झाला. विरेश वकिलांनी अॅम्बेसेडर पीरसाबच्या अंगणातून काढून पुण्याला पाठवली. डॉक्टर नंदीश यांनी दुरुस्तीला टाकलेली फियाट टोचन लावून परत आणली. तिचं इंजिन डिकीत ठेवून. श्रावणात ग्रुपनं ठराव केला होता की यंदा दिवाळी पाडव्याच्या रॅलीत पीरसाब नदाफ यांचा शाल देऊन सत्कार करायचा, निम्मी रॅली त्यांच्याच हातानं चालते. आता एकमतानं ठरलं की सत्कार टायरच्या दुकानदाराचा करावा. टायर तर सगळ्यांनाच लागतात.

शाल आणायची जबाबदारी अॅडमिनची. दिवाळीच्या आठवडाभर आधी सर नवी पेठेत शाल घेऊन गर्दीतून वाट काढत होते, तेव्हा एका चष्म्याच्या दुकानात त्यांना पीरसाब दिसले. लोखंडी चौकट नाकावर चढवून, एक डोळा हातानं झाकून ते भिंतीवरची अक्षरं वाचत होते. सरांना खरं तर पुढं जायचं होतं. पण काचेतून नजरानजर झाली.

"डाक्टर बोलतो नजर ठीक हाय," पीरसाब बाहेर येत म्हणाले. "जवळचा नंबर तेवढा, तो तर पंदरा वर्सांपासनं हाय. मी बोललो, परत तपास. नजर ठीक आसंल तर मग डोक्याचं काय तरी आसंल, न्हाय का? त्याचा डाक्टर कुटं बसतो, सर? तुमाला ठावं आसंल."

"नाही हो, तसं काही नसतं," सर म्हणाले. शालीची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"शाल का?"

"हो. एका कार्यक्रमाची."

"चांगली हाय," पीरसाब म्हणाले.

त्यानंतर दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, दाक्षायणी व्हरांड्यात सूप घेऊन बसल्या होत्या. दसऱ्याच्या माळा त्या कधी टाकत नसत. खिळ्याला टांगून वाळवायच्या, दिवाळीच्या आधी फुलं कुस्करून बी काढायचं, पुढच्या वर्षी तेच लावायचं. त्यांच्या माहेरी अक्कलकोटलाही असंच करायचे. बागेतला झेंडू चौदा वर्षं हेरल्डच्या माळेतून उगवत होता आणि परत हेरल्डच्या माळेत जात होता.

"अहो, नोड्री इकडं," त्यांनी हाक मारली. कानडी त्यांच्या तोंडी आपोआप येई, आणि 'बघा तरी' या अर्थाचा हा शब्द सरांना लग्नापासून पाठ होता. "ह्याचं बी कसलं आणि ह्यातून काय उगवायचं?"

सुपात, वाळून तपकिरी झालेल्या फुलांमध्ये, अर्ध्या करंगळीएवढं काळं रबर होतं. त्याभोवती पांढरा दोरा चार वेळा गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. गाठ सरांची होती. त्यांना तेवढी एकच गाठ येत असे.

सरांनी रबर हातात घेतलं आणि त्यांना तो हिसका आठवला.

दसऱ्याची उतरती दुपार. दाक्षायणी आपट्याच्या पानांची ताटली घेऊन मागच्या सीटवर बसलेल्या, "चला की, अंधार पडायच्या आत जाऊ." माळेचं एक टोक सुटलं, दुसरं सुटेना. सरांनी वाकून बघायला हवं होतं. त्यांनी एक हिसका दिला. माळ आली. हाताला काहीतरी सैल झाल्यासारखं लागलं, तेही आता आठवलं. तेव्हा ते फुलाचं देठ वाटलं होतं.

"काय झालं?" दाक्षायणींनी विचारलं.

"काही नाही. गाडीचं आहे."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सुपाकडे बघितलं, मग दारातल्या हेरल्डकडे. त्या सातवी शिकलेल्या होत्या आणि त्यांना समजायला चार सेकंद लागले.

"पीरसाबभाई चहा न घेता गेले होते," त्या म्हणाल्या, आणि फुलं कुस्करू लागल्या.

सरांनी रबर शर्टाच्या खिशात ठेवलं. दोन दिवस ते तिथंच होतं. शर्ट बदलला की रबरही नव्या शर्टात जाई. या दोन दिवसांत सरांनी पुष्कळ विचार केला. पीरसाबनं स्वतःच चूक मान्य केली होती, हा एक मुद्दा होता. नवं रबर बसलेलंच होतं, गाडी चालत होती, हा दुसरा. आता उकरून काढलं तर पीरसाबनाच त्रास होईल, हा तिसरा. तो सुचल्यावर सरांना अर्धा तास बरं वाटलं. मग त्यांना झाकलेला डोळा आठवे आणि मुद्दे पहिल्यापासून मोजावे लागत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रुपवर खुलासा टाकला. सहा वेळा लिहून खोडल्यावर तो असा झाला:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, हेरल्डच्या व्हॅक्यूम नळीचा प्रश्न मार्गी लागला आहे. संबंधित रबर अन्यत्र आढळून आले असून, याबाबत काही गैरसमज झाले असल्यास ते दूर झाले आहेत असे समजावे. सर्वांना दीपावलीच्या आगाऊ शुभेच्छा.'

अकरा जणांनी शुभेच्छांचा स्वीकार केला. रबराबद्दल कुणी काही विचारलं नाही. सरांना हलकं वाटलं. आता पीरसाबना भेटून तोंडी सांगायचं, की झालं. ते हेरल्ड घेऊनच निघाले.

पीरसाबच्या अंगणात एरवी तीन-चार गाड्या तोंड वासून उभ्या असत. आज एक रिक्षा होती. जिथं अॅम्बेसेडर उभी असे तिथं तेलाचा डाग होता आणि डागावर कोंबड्या फिरत होत्या. पीरसाब रिक्षाच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. नट आवळला, पाना काढला, परत लावून आवळून पाहिला, पुढच्या नटाकडे गेले, आणि मग परत पहिल्याकडे आले.

त्यांची पत्नी चांदबी दारात तांदूळ निवडत होती. सरांना बघून तिनं पदर सारखा केला.

"सर, बरं झालं आला. ह्यांना जरा सांगा की. घरात ग्यासची नळी दिवसाला धा येळा बघत्यात. भात शिजायलाय, आन् हे नळी बघायला. मी बोलले, वो जी, नळी कुटं पळून जाती का? ऐकतच न्हाईत."

"अगे, बस," पीरसाब उठत म्हणाले. "सर, गाडी परत अडकली?"

"नाही, गाडी उत्तम आहे." सरांनी खिशात हात घातला. घरून निघताना त्यांनी मनात एक लांबलचक वाक्य तयार केलं होतं, त्यात 'योगायोगाने' हा शब्द दोनदा होता. ग्यासच्या नळीनंतर ते वाक्य येईना. त्यांनी नुसतं रबर पुढं केलं. दोरा अजून गुंडाळलेलाच होता, आणि दोऱ्यात एक वाळकी पाकळी.

पीरसाबनी ते घेतलं. चष्मा शोधला नाही. अंगठ्यानं टोक चाचपलं.

"हे माजं हाय. मी तिरकं कापतो. तोटीवर बसायला सोपं जातं." मग दोरा चाचपला. "आन् हे?"

"झेंडूची माळ होती. पूजेची. मी बांधली होती, आणि दसऱ्याला ओढून काढली. त्याच्याबरोबर आलं. मला आत्ता कळलं. म्हणजे परवा. रविवारी."

आज बुधवार होता. पीरसाबनी ते मोजलं की नाही ते कळलं नाही. ते रबराकडेच बघत होते.

"मग बसवलं हुतं मी."

"हो."

पीरसाब दाराकडे वळले. "अगे, मैं बिठाया था," त्यांनी बायकोला सांगितलं, अगदी हळू, जणू ती झोपली होती. "मैं बिठाया था वो." चांदबीचा तांदळातला हात थांबला. तिनं सरांकडे बघितलं नाही. ते बघणं तिनं टाळलं, हे सरांना बघण्यापेक्षा जड गेलं.

"मला वाईट वाटतं, पीरसाब," सर म्हणाले. "मी ग्रुपवर खुलासा टाकलाय. आज सकाळीच."

"काय टाकला?"

"हेच. सगळं."

"वाचा की."

सरांनी फोन काढला. खुलासा वाचायला सुरुवात केली. 'संबंधित रबर अन्यत्र आढळून आले असून' इथपर्यंत आल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला, आणि दीपावलीच्या शुभेच्छा त्यांनी जवळजवळ मनातच वाचल्या.

पीरसाबनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"सर, मी अडाणी माणूस. एक इचारू? चूक हुती तवा पीरसाब नदाफ, आडनावासकट. वय सुदा. नजर सुदा. आता ह्यात कुणाचंच नाव न्हाय. रबर काय सवता चालत गेलं व्हय अन्यत्र?"

त्यात टोमणा नव्हता. तेच त्रासदायक होतं. सर ग्रुपवर बोट फिरवत वर वर जाऊ लागले. शुभेच्छा, टायरवाल्याचा ठराव, 'विषय संपला', सांडपाणी, हॉर्न, पेट्रोल. त्याच्याही वर तो फोटो होता. 'यंत्रातही शिव.' विभूतीचे तीन पट्टे, पिवळीधमक माळ. आणि खाली डाव्या कोपऱ्यात सरांचा स्वतःचा हात, दोऱ्याला गाठ मारत असलेला. दोन बोटांमध्ये नवंकोरं काळं रबर, तोटीवर चापून बसलेलं. तिरका काप सुद्धा दिसत होता. इतके दिवस ते त्रेसष्ट जणांच्या खिशात होतं.

सरांनी त्या हाताभोवती लाल गोल काढला. त्यांना गोल काढता येतो, हे ग्रुपला माहीत होतं. खाली लिहिलं:

'ओळखा पाहू: हा हात कुणाचा? उत्तर: मृत्युंजय हत्तुरे यांचा. पीरसाब नदाफ यांनी रबर नीट बसवले होते, फोटोत दिसते आहे. मी त्याला माळ बांधली आणि ओढून उपटले. बॉनेट मीच उघडले होते. मग दोष त्यांच्यावर ढकलला, कारण मला नळी ओळखता आली नव्हती. त्यांच्याकडून चूक कबूल करवून घेतली, तीही माझीच.'

हे त्यांनी पीरसाबना वाचून दाखवलं आणि मगच पाठवलं. दोघं फोनकडे बघत उभे राहिले. एकेक करून पाहिलेल्यांचा आकडा वाढत गेला. नऊ. सतरा. एकतीस. एरवी ग्रुपवर कुणी नुसतं खोकलं तरी अंगठे येत. आज काहीच येत नव्हतं. विरेश वकील काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं, मग ते थांबले.

शेवटी माळशिरसहून आवाज आला. "सर, बिरुदेव बोलतोय. मिस्त्रींचा नंबर द्या की जरा. जीप दाखवायची हाय."

सरांनी नंबर पाठवला. मग म्हणाले, "शाल माझ्याकडेच आहे. रॅलीला तुम्ही यायला हवं."

"शाल टायरवाल्याला घाला, सर. त्याला सांगितलंय तुमी. आता त्याचं कशाला काढता." पीरसाबनी दोऱ्याची गाठ नखानं सोडवली. पाकळी खाली पडली. "बॉनेट उघडा."

हेरल्डचं तोंड पुढं झुकलं आणि सगळं उघड्यावर आलं. पीरसाबनी मधल्या काळात घाईत बसवलेलं रबर काढलं आणि आपलं तिरक्या कापाचं पहिलं रबर परत नळीवर चढवलं, तोटीवर दाबलं. दोन बोटांनी हलवून पाहिलं. मग परत दाबलं. मग हात मागं घेतला, आणि परत पुढं नेला.

एकतीस वर्षांत या माणसानं आपलं काम कधी दुसऱ्याला दाखवलं नव्हतं. अण्णांनी एकदा 'बघू काय केलंस' म्हटल्यावर 'चालवून बघा' म्हणून तो बाजूला झाला होता, आणि अण्णा हे लोकांना कौतुकानं सांगत.

"सर," पीरसाब म्हणाले, "एकदा तुमी बघा. बसलं का?"

सर वाकले. रबर घट्ट होतं, हलत नव्हतं.

"बसलंय."

"नक्की?"